नोझलचं सोवळं

जीप ही धुळीतच वाढलेली गाडी. दारं काढून ठेवली तरी तिचं काही अडत नाही आणि लावली तरी ती कधी घट्ट बसत नाहीत. आतला पत्रा केरसुणीने झाडायचा, फारच झालं तर पाइप धरून धुवायचा. उसाच्या रानातली चाकोरी, ओढ्याचा उतार, पवनचक्क्यांच्या पठारावर चढणारा कच्चा रस्ता, सगळीकडे ती निमूट जाते. आमच्या सातारा भागात ज्याने वडापच्या जिपा पाहिल्यात त्याला हे वेगळं सांगायला नको. ड्रायव्हरच्या उजव्या हाताला, जवळजवळ दाराबाहेर, आणखी एक माणूस बसवून त्या घाट चढत आणि आत बसलेल्या सगळ्यांच्या भुवया कऱ्हाडपर्यंत पिवळ्या होत. अशा या गाडीच्या इंजिनात चार जागी एक वस्तू बसवलेली असते, जिला धुळीचा एक कणही खपत नाही.

ती वस्तू म्हणजे नोझल. बोटाएवढ्या होल्डरच्या टोकाशी एक पोलादी नळी आणि तिच्यात वरखाली होणारी सुई. या दोघींच्या मधली फट 2 ते 4 मायक्रॉन. माणसाचा केस 70 मायक्रॉनच्या आसपास असतो, म्हणजे केस उभा चिरत गेलं तर कितव्या फाकेला ही फट भरेल याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. सुई आणि नळी कारखान्यातच एकमेकींना जुळवून दिलेल्या असतात. एकीची सुई दुसरीत घालायची नाही, दोन्ही कोऱ्या करकरीत असल्या तरीही. मग फट ठेवलीच कशाला? तर तिच्यातून थोडं डिझेल वर झिरपावं आणि त्याच डिझेलने सुईला वंगण मिळावं म्हणून. झिरपलेलं डिझेल रिटर्नच्या बारीक नळीतून टाकीकडे परत जातं. ही योजना मला फार आवडते. अचूक म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काहीतरी करकचून आवळलेलं येतं. इथे सैल किती ठेवायचं याचाच हिशेब मायक्रॉनमध्ये मांडलेला आहे.

माझी जीप ऐंशीच्या दशकातली महिंद्रा एमएम 540. सरकारी लिलावात कुणीतरी घेतली, त्याच्याकडून आणखी कुणीतरी, आणि अशी फिरत माझ्याकडे आली. सरकारी गाड्यांचं 15 वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण होत नाही, असा नियम 1 एप्रिल 2023 पासून आला. त्या आता थेट भंगारात जातात, त्यामुळे माझ्यासारख्यांची ती वाट बंदच झाली म्हणायची. इंजिन एक्सडीपी 4.90. यातला 4 हा सिलिंडरांचा आणि 90 हा सिलिंडरच्या व्यासाचा, मिलिमीटरमध्ये. दट्ट्याची धाव 83 मिलिमीटर. कागदावर गुणाकार करून बघा, 2112 सीसी येतात. महिंद्राने 1979 मध्ये फ्रान्सच्या प्यूजोकडून या इंजिनाचा परवाना घेतला आणि कसारा घाटाच्या माथ्यावर, इगतपुरीत, ही इंजिनं होऊ लागली. तिथून रस्त्याने तासाभरावर नाशिक. नाशिकच्या सातपूरला मायकोचा कारखाना, आणि त्यात नोझल बनतात. मायको म्हणजे बॉशची 1951 साली निघालेली कंपनी. 2008 मध्ये तिचं नाव बदलून बॉश झालं. नाशिककरांनी मात्र चौकाचं नाव बदललेलं नाही, तो अजून मायको सर्कलच आहे. माझ्या दारात उभ्या असलेल्या या अमेरिकी चेहऱ्याच्या, फ्रेंच काळजाच्या आणि जर्मन नसांच्या गाडीचा सारा महत्त्वाचा ऐवज एका जिल्ह्यात घडलेला आहे, हे कळल्यापासून मी तिला परदेशी म्हणणं सोडून दिलं.

नोझल थकल्याचं इंजिन स्वतःच सांगतं. सकाळी सुरू करताना पांढरट धूर आणि डोळ्यांना झोंबणारा वास, चढाला काळा धूर, आणि आळसावल्यागत चालणाऱ्या इंजिनात एकाच ठिकाणाहून येणारा ठोका. पीयूसीवाल्याच्या यंत्राला तर यातलं काहीच ऐकू येत नाही, त्याला फक्त धुराचा गडदपणा कळतो. जुन्या डिझेल गाड्यांना तो 65 हार्ट्रिजपर्यंत माफ. कुठलं नोझल बिघडलंय हे शोधायची रीत जुनी आणि सोपी. इंजिन चालू ठेवून एकेका नोझलच्या पाइपाचा नट किंचित सैल करायचा, मध्ये फडकं धरून. चांगल्याचा नट सैल केला की इंजिन लंगडतं. ज्याचा सैल केल्यावर काहीच फरक पडत नाही, ते काम करत नव्हतं. कचेरीत ही पद्धत वापरली तर काय होईल, हा विचार त्या वेळी डोक्यात येऊन गेल्याशिवाय राहत नाही.

हायवेच्या कडेला पंप-नोझलचं एक जुनं दुकान आहे. तिथल्या म्हाताऱ्या मिस्त्रींना सगळे चाचा म्हणतात, मीही म्हणतो. घरी काढून बघू का, असं विचारल्यावर त्यांनी कामाची वाटणी करून दिली. "काढायचं आणि घालायचं तुम्ही करा साहेब, त्याला हुशारी लागत नाही, सबुरी लागते. होल्डर मात्र उघडायचा नाही. तो इथंच उघडायचा." मला ही वाटणी न्याय्य वाटली. जुन्या गाडीचं सगळं घरी करता येतं, असं अभिमानाने सांगणारे लोक भेटतात. येतही असेल. पण ज्या कामाची कसोटी बोटांना लागत नाही, डोळ्यांना दिसत नाही, जिथे दाब मोजायचं यंत्र लागतं, तिथे आपलं घर संपतं आणि दुकान सुरू होतं. ती हद्द नेमकी कुठे आहे हे माहीत असणं, हे अर्धं काम.

उरलेलं अर्धं म्हणजे धूळ. टाकीतून निघालेलं डिझेल फिल्टरमधून पंपात आणि पंपातून जाड भिंतीच्या पोलादी पाइपांनी नोझलकडे जातं. धुळीला अडवणारा पहारेकरी म्हणजे तो फिल्टर, आणि पाइप आपण सोडतो ते त्याच्या पलीकडे. म्हणजे वाड्याचा दिंडी दरवाजा, चौक, ओसरी ओलांडून थेट माजघरात आपण भिंत फोडतो. तिथे आत गेलेला कण सुईपर्यंत पोचायला मोकळा. म्हणून हे काम मी श्रावणातल्या उघडिपीला काढलं. चैत्र-वैशाखात आमच्याकडे वारा कुणाच्या ना कुणाच्या नांगरटीची माती घेऊनच फिरतो. श्रावणात धूळ बसलेली असते. पाणी हा दुसरा वैरी हजर असतो, पण तो निदान दिसतो तरी. आदल्या दिवशी इंजिन डिझेलने, मग साबणाच्या पाण्याने धुतलं, वाळवलं, पाइपांच्या मुळाशी ब्रश फिरवला, हवा मारली. गॅरेजमधली कॉटन वेस्ट या कामाला वर्ज्य, तिचे धागे सुटतात. दुधाच्या पिशव्या धुऊन, वाळवून त्यांचे तुकडे आणि रबर बँड तयार ठेवले. पाइप सुटला की त्याच क्षणी त्याच्या तोंडाला तुकडा बांधायचा, पंपाच्या तोंडालाही. हात पुसायचं फडकं वेगळं, भाग ठेवायचं वेगळं.

बायको म्हणाली, "आजींसारखं सोवळं चाललंय तुमचं."

खरंच तसं होतं. आजीचं सोवळ्यातलं पाणी वेगळं, पाट वेगळा, काठीने उचलायचं धाबळीचं वस्त्र वेगळं. आम्ही मुलं खेळून आलो की तिच्या अंगावर सावली पडू नये म्हणून भिंतीला चिकटून जायचो. पण या तुलनेत मला एक गोष्ट बोचते, ती सांगूनच टाकतो. आजीच्या सोवळ्यात कण नव्हता, माणूस होता. चाचांच्या हातचं पाणीसुद्धा तिला चाललं नसतं. आणि आज त्याच चाचांच्या दुकानात, जिथे काचेच्या खोलीत टेस्टिंगचं बाक आहे तिथे, उंबऱ्यावर ते मला अडवतात. "हात धुवा. चप्पल तिथं. नखं बघू." त्यांच्या या सोवळ्याला कारण आहे, ते मायक्रॉनमध्ये मोजता येतं आणि साबणाने फिटतं. आजीचं कशानेच फिटणारं नव्हतं. तिच्यावर माझा जीव होता, अजून आहे, म्हणून हे न लिहिणं बरोबर झालं नसतं.

प्रत्यक्ष काढायचं काम थोडक्यात सांगता येईल. पाइपांवर क्रमांकाच्या चिठ्ठ्या, रिटर्नच्या नळ्या बाजूला, होल्डरच्या बुडाशी आदल्या रात्रीच सोडलेलं गंज सोडवणारं तेल. पाइप वाकवायचा नाही. दोन्ही टोकं सोडून अख्खा उचलायचा. होल्डर अडून बसला तर त्याला ठोकायचं नाही, डावीकडे-उजवीकडे हलवत त्याचं मन वळवायचं. चाचांची सबुरी ती हीच. काढलं की भोकाच्या तोंडावर लगेच झाकण.

खरी गंमत भोकाच्या तळाशी असते. तिथे तांब्याचा वायसर असतो, काही इंजिनांत त्याखाली ज्वाळेपासून नोझलचं रक्षण करणारा आणखी एक. सिलिंडरमधला दाब बाहेर येऊ न देणं, हे या चार आण्याच्या दिसणाऱ्या चकतीचं काम. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते. अशा जुन्या इंजिनात हवा विसाव्या-बाविसाव्या हिश्शापर्यंत दाबली जाते, ती 500 अंश सेल्सिअसच्या वर तापते आणि डिझेल तिच्यात पडताक्षणी पेटतं. तो सगळा मारा या तांब्याच्या अंगावर. तांबं मऊ, एकदा दाबलं गेलं की दुसऱ्यांदा तसं बसत नाही, म्हणून वायसर दर वेळी नवा. जुना पुष्कळदा हेडलाच चिकटून राहतो आणि काढणाऱ्याला वाटतं, नव्हताच. माझ्या तिसऱ्या सिलिंडरमध्ये मागच्या कुणीतरी असंच केलं होतं. तारेचा आकडा करून उजेड धरून ओढला तर एक आला, आणि त्याच्या खाली काळाठिक्कर पडलेला दुसरा. म्हणजे ते नोझल कितीतरी काळ आपल्या जागेपासून एक वायसर वर बसून फवारत होतं. ठोका तिथलाच होता. गाडीने ते सहन केलं, कारण जुन्या गाड्या सहन करतात. त्यांच्या या गुणाचा फायदा घेणाऱ्यांचीही कमी नसते.

चौघी नोझल पिशवीत घालून दुकानात नेल्या. चाचांचं टेस्टर म्हणजे एक दांडा, एक घड्याळ आणि स्वच्छ तेलाचं भांडं. नोझल पाइपाला लावायचं, तोंड खाली, आणि दांडा दाबायचा. घड्याळाचा काटा चढत जातो. या जातीच्या इंजिनांत नोझल साधारण 110 ते 150 बारच्या दरम्यान कुठेतरी उघडतं. नेमका आकडा इंजिनाप्रमाणे. जिपेच्या चाकात हवा 2 बार असते, त्यावरून कल्पना यावी. चांगलं नोझल उघडताना कर्रर्र असा कोरडा आवाज करतं आणि खाली धुक्याचा शंकू उभा राहतो, काठ रेखीव, मध्ये थेंब नाही. माझ्या एकीने आवाज केला, दुसरी घोगरी बोलली. उरलेल्या दोघींपैकी एक तर चक्क ठिबकली. ते धुकं इतकं निरुपद्रवी दिसतं की कुणालाही खाली तळहात धरावासा वाटेल. चाचा नव्या पोराला पहिल्या दिवशी तेवढंच शिकवतात, हात धरायचा नाही. या दाबाचं तेल कातडी भेदून आत शिरतं. वरून टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते आणि आत बोट कुजायला लागतं. ताबडतोब शस्त्रक्रिया करावी लागते.

तो शंकू बघताना मला नेहमी रुडॉल्फ डिझेलची कीव येते. 1897 मध्ये आउग्सबुर्गला त्याचं इंजिन चाललं, नाव जगभर झालं. पण तेल असं नुसत्या दाबाने फवारायचं त्याला जमलं नव्हतं. त्याच्या इंजिनात दाबलेल्या हवेचा झोत तेलाला आत ढकलायचा, आणि त्या हवेसाठी शेजारी वेगळा कॉम्प्रेसर. कारखान्यात ते ठीक, गाडीत कुठे ठेवणार? 1909 मध्ये बेंझ कंपनीच्या प्रॉस्पर लोरांजने हेडमध्ये एक छोटी खोली काढून तिच्यात आधी तेल पेटवायची युक्ती शोधली. 1913 मध्ये अँटवर्पहून इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवरून डिझेल नाहीसा झाला. रॉबर्ट बॉशने 1922 मध्ये या पंप-नोझलच्या कामात हात घातला आणि 1927 मध्ये ते घाऊक बनू लागले. इंजिनाला आपण डिझेलचं नाव दिलं खरं, पण ते इंजिन ट्रकमध्ये, ट्रॅक्टरमध्ये आणि माझ्या जिपेत आलं ते या सुईच्या अंगाखांद्यावरून. चौदा वर्षं आणखी जगता तर त्याला ते बघायला मिळालं असतं.

चाचांनी होल्डर उघडला, सुई बाहेर काढली आणि उजेडाकडे तिरपी धरली. अंगावर उभे ओरखडे, एका बाजूला चमक उडालेली. "हिनं रॉकेल प्यालंय," ते म्हणाले. अशा गोष्टी खात्रीने सांगता येत नाहीत, पण त्यांचा अंदाज हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. रॉकेल पातळ, त्यात वंगण कमी. रेशनचं रॉकेल स्वस्त आणि डिझेल महाग होतं तेव्हा भेसळ सर्रास चाले; ओळखता यावं म्हणून रेशनच्या रॉकेलमध्ये निळा रंग घालत, तरीही चाले. फिल्टर धूळ अडवतो, रॉकेल कसं अडवणार? त्याची नोंद होते ती थेट सुईच्या अंगावर.

आणि हा प्रकार नुसता सुया झिजवून थांबला नाही. मनमाडजवळ पानेवाडीला तेल कंपन्यांचे मोठे डेपो आहेत. 25 जानेवारी 2011 ला त्याच भागात एका ढाब्याशी चाललेली इंधनाची भेसळ मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांनी पकडली आणि त्यांना तिथेच जिवंत जाळण्यात आलं. उद्या प्रजासत्ताक दिन, अशी ती दुपार. दोन पदार्थांच्या किमतीतल्या फरकासाठी. नाशिकच्या एका टोकाला माणसं मायक्रॉनचा हिशेब ठेवून नोझल घडवत होती आणि त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला त्या नोझलच्या तोंडी काय जावं हे असं ठरत होतं. ती ओरखडे पडलेली सुई हातात घेतल्यावर मला दुसरं काही सुचलं नाही.

चाचांनी चारही टोकं नवी घातली, होल्डर जुनेच ठेवले. स्प्रिंगखाली कागदासारख्या पातळ चकत्या घालून-काढून दाब जुळवला, चौघींचा सारखा. दुकानाच्या दुसऱ्या, वातानुकूलित भागात त्यांचा मुलगा कॉमन रेलची कामं करतो. तिथे दाब 2000 बारच्या घरात. त्यातल्या पुष्कळ इंजेक्टरांवर एक सांकेतिक आकडा कोरलेला असतो आणि बदलल्यावर तो गाडीच्या कॉम्प्युटरला कळवावा लागतो. चाचा तिकडे फिरकत नाहीत. मुलगा इकडे येतो, आवाज ऐकायला. डिझेलमध्ये वंगणासाठी टू-टी (टू-स्ट्रोकचं) ऑइल मिसळू का, हा माझा प्रश्न दोघांनीही उडवून लावला. गंधक आता 10 पीपीएमपर्यंत खाली आणलंय हे खरं, त्या शुद्धीकरणात तेलाचं अंगचं वंगणही जातं हेही खरं, पण त्याची भरपाई करणारं द्रव्य कंपनीच तेलात घालते. "तुम्ही टाकी साफ करा," मुलगा म्हणाला. हे काम मी टाळत आलो होतो आणि त्याने ते नेमकं ओळखलं.

घालायचं काम उलट्या क्रमाने. नवे वायसर, भोकाचा तळ पुसून कोरडा, नट टॉर्क रेंचने. पाइप आधी चारही हाताने धरवायचे आणि मगच पाना लावायचा, नाहीतर शेवटच्याचं तोंड जुळत नाही. मग एअर काढणं. डिझेल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. पाइपात हवा राहिली तर पंप नुसता तिलाच दाबत बसतो आणि नोझल उघडतच नाही. म्हणून आधी फिल्टरवरचा स्क्रू सैल करून प्रायमर मारायचा, बुडबुड्यांचा फेस थांबून सलग धार येईपर्यंत. आणि मग नोझलकडचे नट सैल ठेवून स्टार्टर.

"अहो, मारू का?" बायको स्टिअरिंगवरून.

"मार."

स्टार्टर फिरतो. पहिल्या नटाशी ओलावा येतो, मग फुसफुस, मग पिचकारी. तो आवळायचा. दुसरा. स्टार्टरला मध्ये विसावा द्यायचा, तो तापतो. तिसरा आवळल्यावर इंजिनाने एक उचकी दिली, दोन दिल्या, आणि चौथा नट मी अर्धा आवळलेला असतानाच ते आपल्या मनाने उठलं. आधी तीन पायांवर, मग चारही. तिसऱ्या सिलिंडरचा ठोका गेला होता. मागून मात्र पांढऱ्या धुराचा लोट निघाला, साचलेलं कच्चं तेल जळतंय तोवर निघणारच, आणि तो शिस्तीत वर, दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीकडे निघाला.

"अहो, कपडे वाळत घातलेत!" तिथल्या काकू वरून ओरडल्या. "उन्हं आज पडलीत कुठे जरा!"

"दोनच मिनिटं काकू, इंजिन तापलं की धूर बंद होतो."

"मग बंद करा ना ते!"

"बंद केलं तर तापणार कसं?"

हे त्यांना पटलं नाही. त्यांनी कपडे आत घेतले आणि गॅलरीचं दार आपटलं. मी कोरडं फडकं घेऊन एकेक नट पुसून बघत राहिलो, कुठे पाझरतोय का.